कामाचा प्रकार: इतर

१२ नोव्हेंबर
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

टाचणे,

तुझा फोन लागत नाही. तुझ्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणते, "काकू, मला काही विचारू नका." म्हणजे तिला सगळं माहीत आहे. शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने सांगितलं, की आपल्या दुकानाच्या वेबसाईटवर खाली जो 'संपर्क'चा डबा आहे, त्यात काहीही लिहिलं तरी ते थेट तुझ्याकडे जातं. म्हणून माझ्याच दुकानात, माझ्याच मशीनपाशी बसून, मी माझ्याच दुकानाला गिऱ्हाईक असल्यासारखं पत्र लिहिते आहे. बघ, काय दिवस आले.

'कामाचा प्रकार' निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कमी करणे, सैल करणे, उंची, चेन, इतर. मी 'इतर' घेतलं.

काम एकच आहे. 'आधी-नंतर'च्या पानावरचा लायब्ररीतल्या बाईंचा फोटो काढून टाक. तो मोहरी रंगाच्या कोटातला. बाकी तुझी वेबसाईट तुला लखलाभ. रागावली असशील तर रागाव, पोटभर रागाव, पण आधी फोटो काढ आणि मग रागाव.

आई


१३ नोव्हेंबर
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

काल ते पाठवलं आणि लगेच फोन टिंग करून वाजला. शिवण अर्धी टाकून उठले, चष्मा सापडेना, सापडला तर डोक्यावरच होता. घाईघाईने वाचलं.

"आपला निरोप मिळाला. काम हातात आहे. जरा धीर धरा, उसवलेलं सगळं शिवून मिळतं."

मला वाटलं तूच लिहिलंस. दोनदा वाचलं. मग आठवलं, की हे तर माझंच. वेबसाईट करताना तू विचारलं होतंस, "आई, निरोप आल्यावर आपोआप काय उत्तर जाऊ दे?" आणि मी दातात दोरा धरून, पँटला चेन लावता लावता हे बोलले होते. तू हसलीस आणि जसंच्या तसं टाकलंस. आता माझंच वाक्य मला ऐकवते आहे तुझी वेबसाईट. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

तुझं म्हणणं मला अजून ऐकू येतं. "आई, बाईंनी स्वतः हो म्हटलं होतं. सगळ्यात जास्त चालतोय तो फोटो. का काढू, ते तरी सांग." मी म्हटलं, कारण विचारू नकोस. आजही तेच म्हणते. टेपला जे कळतं ते तोंडाला कळू द्यायचं नाही. कुणाची कंबर सुटली, कुणाची उतरली, कुणी कुणापासून काय लपवून सैल करून नेलं, हे आपल्या धंद्यात भिंतीलाही सांगायचं नसतं. तुला हातात खडू धरता आला तेव्हापासून सांगत आले आहे. आणि हे तुझ्याशी त्या दिवशी नीट बोलता आलं असतं, पण दुकानात चार माणसं उभी होती, तू आवाज चढवलास, मग माझाही चढला आणि त्या सगळ्यांसमोर मी तुला जे


१३ नोव्हेंबर
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

डबा भरला म्हणे. अक्षरं संपली. तूच मर्यादा घातली असशील, गिऱ्हाइकं पाल्हाळ लावतात म्हणून.

बरंच झालं. फोटो काढ.


२९ नोव्हेंबर
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

आज बाई येऊन गेल्या. त्यांनी स्वतःहून सांगितलं, "तुमच्या मुलीला सांगितलंत तरी चालेल." म्हणून सांगते, नाहीतर मेले तरी सांगितलं नसतं.

बाई बारीक झाल्या नाहीत, टाचणे. त्या आजारी आहेत. बरा होण्यातला आजार नाही.

उन्हाळा संपता संपता त्या कोट घेऊन आल्या, थंडी लागायच्या आत कमी करून ठेवा म्हणून. टेप लावली आणि माझ्या हाताला कळलं. डाएटने उतरलेलं अंग वेगळं असतं. ते सगळीकडून सारखं उतरतं आणि माणूस आरशात बघायला उतावीळ असतो. बाई आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. कोट कमी केला, पण कापड कापलं नाही. सगळं आत दुमडून माया ठेवली, भरपूर. बऱ्या झाल्या तर पुन्हा सोडता येईल म्हणून. तू म्हणालीस, "एवढं कापड आत कशाला, जाड होतंय." मी म्हटलं, असू दे.

मग तो कोट घालून त्या फिरल्या. मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, "मघाशी कोटाने बाईंना घातलं होतं, आता बाईंनी कोट घातलाय." त्या एकदम हसल्या. दोन्ही हात खिशात घालून, मान मागे टाकून हसल्या. तेवढ्यात तू, "बाई, एक फोटो काढू?" आणि त्या हसतच म्हणाल्या, काढ की.

फोटोला त्यांनी हो म्हटलं होतं, हे खरंच आहे. पण खाली तू जे लिहिलंस त्याला कुणी हो म्हटलं नव्हतं. 'जिद्द असावी तर अशी! दोन साइज कमी! अभिनंदन, बाई!'

तुला कसं माहीत असणार. मी तुला दोष देत नाही. पण ऐक पुढे काय झालं. लायब्ररीत लोक पुस्तकं सोडून बाईंना विचारायला लागले, काय खाता, किती चालता. घरी त्यांनी यजमानांनाही हेच सांगून ठेवलं होतं, की सकाळी फिरायला जाते, त्याने वजन उतरतंय. खरं तर त्या तपासण्यांना जात होत्या. मग यजमानांना बाजारात कुणीतरी तुझा फोटो दाखवला. ते बिचारे फुशारून घरी आले. "अगं, सगळं गाव तुझं कौतुक करतंय, आणि मला मेल्याला दिसलंच नाही." बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मला खोटं पुढे रेटवलं नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगून टाकलं."

हे बाई मला सांगत होत्या आणि मी कोटाच्या बाहीला टाचण्या लावत होते. पुन्हा कमी करायचा आहे.

"फोटो तेवढा काढा हो," म्हणाल्या. "माझा राग नाही तिच्यावर. पण रोज कुणीतरी अभिनंदन करतं."

मी म्हटलं, आज-उद्या निघेल. त्यांना मी हे सांगितलं नाही, की मुलगी कुठे आहे ते मला माहीत नाही.


१० डिसेंबर
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

तुझ्या फोनवर सहा आकड्यांचा कोड आला असेल. एकदा नाही, बऱ्याचदा. घाबरू नकोस, चोर नव्हता, मीच होते. मोबाईलवाला शेजारी बसला होता.

त्याने पुष्कळ खटपट केली. पासवर्ड विसरलात का असं विचारतात तिथे 'हो' म्हटलं, तर कोड तुझ्या फोनवर. दुसरा रस्ता आहे का विचारलं, तर तो तुझ्या ईमेलवर. जिकडे जावं तिकडे तूच दार लावून बसलेली. मग त्याने त्या वेबसाईटवाल्या कंपनीला फोन लावून दिला. फोनवर एक मुलगी होती, तुझ्याच वयाची असावी. गोड बोलत होती.

"मॅडम, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बदल करता येतो."

"अगं, दुकान माझं आहे. नाव माझ्या दुकानाचं आहे."

"हो मॅडम, पण खातं तुमच्या नावावर नाही."

"मी तिची आई आहे."

मग म्हणाली, "मॅडम, तसा पर्याय नाहीये आमच्याकडे."

मग मोबाईलवाला म्हणाला, फोटोखाली तक्रार करायचं बटण असतं. ते दाबलं. कारण निवडा म्हणे: अश्लील, हिंसक, फसवणूक. यातलं काय निवडू? एक बाई कोट घालून हसते आहे. फसवणूक निवडलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, आम्ही तपासलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. नसणारच. नियमात बसूनच तर सगळं झालंय.

आणि जखमेवर मीठ म्हणजे, दुकान चाललंय. तू म्हणायचीस ना, "ज्याला दुकान सापडत नाही त्याच्यासाठी दुकान नाहीच." सापडतंय आता. आधी ही वेबसाईट म्हणजे मला तुझं खूळ वाटायचं. तू माझ्या शेजारी बसून आठवडाभर नुसतं ऐकत होतीस, गिऱ्हाईक दारातून आत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं ते. कुणी 'अल्टरेशन' म्हणत नाही. 'चेन गेली', 'कंबर होत नाही', 'पँट घसरते' असंच म्हणतात. तेच शब्द तू पानांवर घातलेस, आणि लोक तेच शब्द फोनमध्ये टाकून आपल्या दारात यायला लागले. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, पण शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला सांगितलं होतं, की पोरीचं डोकं माझ्या कात्रीसारखं चालतं.

पण आता येतात ते सगळे तो फोटो बघून येतात. काल एक जण बायकोचं जाकीट घेऊन आला, फोन माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "अगदी ह्यांच्यासारखं करून द्या."

मी जाकीट घेतलं. काय करणार. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.


१५ जानेवारी
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

तुझ्या वेबसाईटचा आराखडा अजून भिंतीवर आहे. पॅटर्नचा खाकी कागद, त्यावर तुझे खडूचे चौकोन. पहिलं पान, आमची कामं, आधी-नंतर, कुठे आहोत, संपर्क. तू तो कटिंगच्या टेबलावर पसरून मला म्हणाली होतीस, "आई, हा कपडाच समज. आधी कागदावर कापायचा, मग कापडाला हात लावायचा." मला तेव्हा एवढं बरं वाटलं होतं, की माझ्या धंद्यातलं काहीतरी तुझ्या धंद्यात चाललं. खडू आता पुसट होत चाललाय. मी वरून गिरवलं असतं, पण मला भीती वाटते माझा हात लागून बिघडेल म्हणून.

आज बाई आल्या होत्या. यजमानांनी हाताला धरून आणलं आणि ते समोर औषधाच्या दुकानात गेले. कोट तिसऱ्यांदा कमी करायचा होता. मी टेप लावलीच नाही. नुसत्या नजरेने टाचण्या लावल्या. टेप कमरेभोवती फिरवून आकडा वाचायचं माझ्याने झालं नसतं, आणि त्यांना ऐकवायचं तर मुळीच नाही.

तेवढ्यात एक नवीन बाई आत आली. चांगली हसरी, गोबरी. तिने आरशात बाईंना बघितलं आणि टाळीच वाजवली. "अय्या, तुम्हीच ना त्या? फोटोतल्या? आणखी उतरवलंत? कमाल आहे बाई तुमची! मला सांगा ना काहीतरी."

टाचणे, मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला उत्तर देत आले. फाटक्या तोंडाची म्हणतात मला. आज मी तोंडातल्या टाचण्याही काढल्या नाहीत, बाहीलाच लावत राहिले.

बाईच म्हणाल्या, "भूक लागत नाही हो मला, एवढंच." हसून म्हणाल्या. ती गोबरी म्हणाली, "नशीबवान आहात."

ती गेल्यावर बाई स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "मुलीचं काही कळलं?" म्हणजे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून माहीत होतं कोण जाणे, पण फोटोबद्दल मला पुन्हा एकदाही विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तिला लिहा, माझ्यामुळे आई सोडू नकोस म्हणून."

मी हे लिहिते आहे कारण त्यांनी सांगितलंय. माझ्या मनाने मी असलं काही लिहिणार नाही.

बरं, ऐक. त्या दिवशी डबा भरला होता, आज जागा आहे. मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुझी ही दुकानदारी घेऊन बाहेर हो, माझ्या दुकानात माणसं येतात, जाहिराती नाहीत." तू लॅपटॉप बंद केलास. मला वाटलं समोर चहा प्यायला जाशील आणि येशील. मी तुझाही चहा सांगून ठेवला होता. पोऱ्या घेऊन आला आणि मी त्याच्यावरच ओरडले, दोन कशाला आणलेस म्हणून.

फोटो काढ, टाचणे. माझ्यासाठी नको. माझ्यावरचा राग तसाच राहू दे, पण त्या बाईला आरशात एवढं तरी सुखाने बघू दे.


२१ फेब्रुवारी
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

बाई गेल्या. काल सकाळी.

लायब्ररीच्या दारावर चिठ्ठी लावली आहे. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून जाऊन आले. यजमान भिंतीला टेकून उभे होते, लोक येत होते, काहीतरी बोलत होते, ते सगळ्यांना 'हो, हो' म्हणत होते.

कोट माझ्याकडेच राहिला. तयार होऊन टांगलेला आहे. न्यायला कुणी आलंच नाही.

घरी आल्यावर मी वेबसाईट उघडली. फोटोखाली कुणीतरी आजच लिहिलंय, 'प्रेरणा मिळाली, मी पण उद्यापासून सुरू करते.' आणि अंगठा.

निदान आता तरी काढ. मेलेल्या माणसाचं अभिनंदन चाललंय माझ्या दुकानाच्या नावाखाली. मला दुसरं काही मागायचं नाही. तू वाचतेस का हेसुद्धा मला कळत नाही. एवढे महिने मी भिंतीशी बोलत असेन तर ती भिंत तरी फोटो काढो.

(पाठवल्यावर पुन्हा तेच येणार, उसवलेलं सगळं शिवून मिळतं. आज मी फोन उशीखाली ठेवून देते.)


२ मार्च
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

टाचणे, भराभर लिहिते, चुका झाल्या तर समजून घे.

बाईंचे यजमान आत्ता आले. कोट न्यायला. मी पिशवीत घालून दिला. त्यांनी पिशवीत हात घालून अस्तर चाचपलं आणि म्हणाले, "हे जाड जाड काय आहे आत?"

मी म्हटलं, "कापड आहे. कापलं नव्हतं मी. तिन्ही वेळेचं आतच आहे. पुन्हा सोडता यावं म्हणून."

"म्हणजे पूर्वीएवढा होईल?"

"होईल."

ते शिवणीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "एक मागू का? तुमच्या त्या वेबसाईटवर तिचा फोटो आहे. तेवढा काढू नका."

मी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"तिला नको होता, मला माहीत आहे," ते म्हणाले. "मीही तेव्हा चिडलो होतो. पण तुम्हाला सांगतो, ती फोटोत कधी हसली नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा परीक्षेला बसल्यासारखी आहे. आणि आजारपणात तर कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. तो एकच आहे. खळखळून. आता मी रोज सकाळी चहा ठेवला, की तुमचं दुकान उघडतो फोनवर."

माझं दुकान उघडतात म्हणे.

"दोन दिवस झाले, दिसत नाहीये," म्हणाले. "माझा फोन जुना आहे. नेटचं काहीतरी असेल. तुम्ही बघता का जरा तुमच्यावर?"

मी चष्मा लावला. 'आधी-नंतर' उघडलं. पँट आहे, कुणा मुलीचा गाउन आहे, जाकीट आहे. बाईंच्या जागी राखाडी चौकोन आहे.

तू वाचतेस.

टाचणे, लाज वाटते लिहायला. समोर तो माणूस उभा होता, आणि मला आधी आनंद झाला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तू माझं ऐकलंस. म्हणजे तू आहेस, धड आहेस, फोन हातात घेतेस, आईचं लिहिलेलं वाचतेस. मी टेबल धरलं. आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

सांगता आलं नाही मला. मीच काढायला लावला, भीक मागून मागून काढायला लावला, हे कसं सांगू? मी म्हटलं, "दिसत नाहीये खरा."

"रेंज नसेल," म्हणाले. "दुकान आत आहे ना तुमचं." आणि ते बाहेर गेले. मी इथून बघते आहे. फुटपाथवर उभे आहेत, पिशवी खांद्याला, फोन डोक्याच्या वर धरलाय. थोडं डावीकडे सरकतात, थोडं उजवीकडे. खाली घेऊन बघतात, पुन्हा वर धरतात. लोक वळसा घालून जात आहेत.

करायला गेले एक आणि झालं हे. तुझी चूक नाही. तू तेच केलंस जे मी सांगितलं. पण तो फोटो तुझ्याकडे असेलच ना गं? तू काही फेकत नाहीस, चिंध्यासुद्धा ठेवायचीस. जिथे असेल तिथून परत लाव. खालचं वाक्य नको, अभिनंदन नको, साइज नको. नुसता फोटो. नाहीतर वेबसाईटवर नको, मला पाठव, मी मोबाईलवाल्याकडून मोठा करून घेईन आणि त्यांना नेऊन देईन.

आणि नसेलच, पुसून टाकला असशील, तर नाही म्हणून लिही. 'नाही' एवढंच. दुसरं काही लिहू नकोस माझ्यासाठी. तेवढ्यानेही माझं भागेल, आणि त्यांना काय सांगायचं ते मला कळेल.

आत येत आहेत. मी त्यांना म्हणते, मुलीला कळवलंय, ती बघेल.


२ मार्च
नाव: आई
कामाचा प्रकार: इतर

पाठवलं आणि फोन वाजला. ते लगेच म्हणाले, "मुलीचं का?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

"काय म्हणते?"

चष्मा डोळ्यावरच होता. वाचून दाखवलं. "आपला निरोप मिळाला. काम हातात आहे. जरा धीर धरा." पुढचं मला वाचवेना. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, संपलं नाही हे त्यांना कळलं. म्हणून तेही वाचलं.

"उसवलेलं सगळं शिवून मिळतं."

"बरं," ते म्हणाले. "गुणी आहे मुलगी."

आणि बाई बसायच्या ते स्टूल ओढून घेतलं. टाचणे, ते बसले आहेत. कोटाची पिशवी मांडीवर आहे. मी म्हटलं, वेळ लागेल. म्हणाले, चालेल, मला कुठे जायचंय.